राजवाड्यातले आमचे हे

गावाबाहेरच्या टेकडीवर एक राजवाडा आहे. तो बांधणाऱ्या राजाने आयुष्यात दुसरं काहीच केलं नाही. तो एकही लढाई हरला नाही, कारण एकही लढला नाही. कायदे केले नाहीत, कुणाला तुरुंगात टाकलं नाही, कुणाला सोडवलंही नाही. बांधकाम संपल्यावर आत राहायला गेला, पोटभर जेवला, मनसोक्त झोपला, वेगवेगळ्या चित्रकारांना बोलावून स्वतःची चित्रं काढून घेतली आणि एके दुपारी झोपेतच गेला. राजवाड्याचं आता संग्रहालय झालंय. लोक तिथे येतात ते मुख्यतः बस थांबते म्हणून. एकीकडे धबधबा, दुसरीकडे बाजार, आणि मधल्या वेळात प्रवाशांचं करायचं काय, हा बसवाल्यांचा प्रश्न. शिवाय राजवाड्यातली स्वच्छतागृहं चांगली आहेत.

तिथल्या गाइडबाईंना सगळे राणीसाहेब म्हणतात. नाव ठेवलं पहारेकऱ्याने, आणि ते काही आदराने नव्हतं. नोकरीला लागल्या लागल्या बाईंनी त्याला गालिच्यावर बूट घालून उभं राहिल्याबद्दल झाडलं होतं. "बरं, राणीसाहेब," असं तो म्हणाला आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. बाईंनाही ते आवडलं असावं. निदान त्यांनी कधी ते झटकून टाकलं नाही.

बाई कामाला लागल्या तेव्हा चाळिशी कधीच ओलांडली होती. मुलगी नर्स होऊन आपल्या पायावर उभी राहिली होती. नवऱ्याचं खालच्या रस्त्यावर तसबिरी मढवून द्यायचं दुकान होतं. तो सकाळी दुकानात जायचा, संध्याकाळी कपड्यांवर लाकडाचा भुसा घेऊन परत यायचा आणि दोन्ही वेळा फारसं बोलायचा नाही. घरात बोलायला कुणी उरलं नाही म्हणून बाईंनी बोलायची नोकरी धरली.

पण तिथेही स्वतःचं बोलायचं नव्हतंच. संग्रहालयाच्या साहेबांनी गाइडसाठी मजकूर लिहून ठेवला होता, तो पाठ करायचा. "प्रस्तुत मंचक अक्रोडाच्या काष्ठातून कोरलेला असून" अशी त्याची सुरुवात, आणि पुढे उतार नव्हता, चढच चढ. बाईंनी तो घडाघडा पाठ केला आणि घडाघडा म्हणून दाखवायला लागल्या. लोक छताकडे बघायचे, मोबाइलकडे बघायचे, शेजाऱ्याच्या मोबाइलकडे बघायचे. शेवटी काही विचारायचं आहे का म्हटलं की हमखास एकच प्रश्न यायचा, बाहेर कुठून जायचं.

एका उकाड्याच्या दुपारी धबधब्यावरून आलेला घोळका त्यांच्या वाट्याला आला. सगळ्यांचे मोजे ओले, डोळे जड. शयनगृहात राजाचा पलंग आहे, तो विचित्र आखूड आहे. महाराजांना पचनाचा विकार असल्याने ते अर्धवट बसूनच निद्रा घेत असत, हे वाक्य बाईंनी उच्चारलं आणि मागे उभ्या असलेल्या एका जाडजूड गृहस्थांनी अशी जांभई दिली की ती ऐकून ते स्वतःच ओशाळले. बाईंच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांचंही असंच आहे. जेवून लगेच आडवे होऊ नका म्हटलं की खुर्चीत बसतात, आणि खुर्चीतच घोरतात. राजाला निदान पलंग तरी होता."

क्षणभर कुणालाच कळलं नाही की हे मजकुरातलं आहे की बाहेरचं. मग जांभईवाल्या गृहस्थांच्या बायकोला हसू फुटलं. तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं, ते बघून शेजारची हसली, आणि सगळा घोळका जागा झाला. बाईंना नवल वाटलं ते हसण्याचं नाही, हसण्यानंतर जे झालं त्याचं. लोक पलंगाजवळ सरकले. वाकून बघायला लागले. राजा रात्रभर असाच बसायचा का, राणी कुठे झोपायची, बाहेरच्या पहाऱ्यावरच्या माणसाला घोरणं ऐकू जायचं का, असे प्रश्न आले. पलंग तोच होता, लाकूड तेच होतं. पण आता त्यात एक माणूस झोपलेला त्यांना दिसत होता.

त्या दिवसापासून 'आमचे हे' राजवाड्यात राहायला आले.

राजाचं चिलखत कंबरेत पुन्हा पुन्हा सैल करून घेतलेलं आहे. तिथे आमच्या ह्यांची लग्नातली पँट आली. राजा खोलीत शिरायच्या आधी पाली आहेत का ते बघायला एक स्वतंत्र नोकर ठेवलेला होता. तिथे बाई सांगायच्या, "आमच्याकडे ते खातं माझ्याकडे आहे. बिनपगारी." मुदपाकखान्यातून थेट शयनगृहात उघडणारा एक चोरदरवाजा आहे. तिथे आमचे हे मध्यरात्री फ्रिज उघडून, आतला दिवा कशाला लागतो म्हणून फ्रिजलाच दटावतात, हे सांगून व्हायचं. लोक पुढच्या दालनात राजापेक्षा आमच्या ह्यांची वाट बघत शिरायला लागले. बाई एखाद्या वस्तूपाशी नुसत्या थांबल्या तरी मागून कुणीतरी विचारायचं, "आणि तुमचे हे?"

आता यातलं काहीही खरं नव्हतं. बाईंचा नवरा काटकुळा, मोजकं जेवणारा, बाळासारखा निःशब्द झोपणारा. पालींशी त्याचं वैर नव्हतं. लग्नातली पँट त्याला अजून व्हायची, उलट पट्टा आवळावा लागायचा. पण राजाच्या जोडीला बसेल असा नवरा बाईंना हवा होता. असलेला बसेना म्हणून त्यांनी नवा बेतून घेतला.

त्याचा परिणाम मात्र खराखुरा होता. एकदा एक जोडपं आलं, वाटेत बसमध्येच कडाक्याचं भांडून आलेलं. दोघं घोळक्याच्या दोन टोकांना उभे. चिलखतापाशी पँटची गोष्ट झाली तेव्हा त्या नवऱ्याने नकळत स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि चोरून बायकोकडे पाहिलं. ती नेमकी त्याच्याकडेच बघत होती. बाहेर पडताना तिची पर्स त्याच्या खांद्यावर होती. बसचे ड्रायव्हरही सांगायचे की पूर्वी राजवाड्यातून निघालेले लोक बाजार येईपर्यंत झोपायचे. आता चिलखतावर बोलतात, चोरदरवाजावर वाद घालतात आणि तो राजा म्हणजे अगदी आमचे मामा, असं एकमेकांना सांगतात.

साहेबांनी बाईंना एकदा केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. मजकुरात कुणाच्याही यजमानांचा उल्लेख नाही, असं त्यांनी जरा घसा साफ करून निदर्शनास आणलं. बाई हो म्हणाल्या आणि बाहेर येऊन यजमानांना पुन्हा कामाला लावलं. पुढे दाराबाहेर रांग दिसायला लागली तेव्हा साहेबांचा घसा आपोआप बरा झाला.

नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो राजवाड्यात कधी गेलाच नव्हता. टेकडी चढायला लागते, हे एक कारण. आणि घरी बायको कामाबद्दल बोलायला लागली की तो "बरं" म्हणायचा, त्या "बरं"च्या पुढे बाईंचं गाडं कधी जात नसे.

एक दिवस त्याच्या दुकानात एक पाहुणं जोडपं आलं. राजवाड्याच्या काउंटरवरून त्यांनी राजाचं छापील चित्र घेतलं होतं, ते मढवून हवं होतं. फ्रेमवाल्याने पट्टीचे नमुने पुढे ठेवले, माप घेतलं, काच टेबलावर आडवी केली. ती दोघं स्टुलावर बसून आपसात खिदळत होती. मग त्या बाईला राहवलं नाही. वर एक गाइड आहे, म्हणाली, तिचा नवरा म्हणजे नमुना आहे. घोरतो काय, पालीला घाबरून टेबलावर चढतो काय, सासू आली की पलंगाखाली लपतो काय. फ्रेमवाला हिऱ्याच्या कटरने काचेवर रेघ ओढत होता. हात न थांबवता त्याने विचारलं, "आणखी काय काय करतो?"

त्यांनी सगळं सांगितलं. दोघं एकमेकांना आठवण करून देत होते, काही सुटू नये म्हणून. काच वाकडी कापली गेली. फ्रेमवाल्याने ती बाजूला ठेवली, दुसरी घेतली, चित्र मढवून दिलं आणि गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडलं.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने मान वर न करता विचारलं, "मी घोरतो का?"

बाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी थट्टाच होती ती, लोकांना आवडतं, कुणाला तुमचं नाव ठाऊक नाही, असं एकामागून एक सांगितलं. तो ऐकत होता. त्याचं ताट नेहमीसारखं स्वच्छ झालं. मग तो म्हणाला, "थट्टेचं काही नाही ग. पण इतकी वर्षं माझ्याबरोबर राहिलीस आणि तुला माझ्यात हसण्यासारखं काहीच सापडलं नाही? दुसरा माणूस आणावा लागला?"

तो चिडला असता तर बाईंना सोपं गेलं असतं, चिडलेल्याची समजूत काढता येते. हा तर हिरमुसला होता, तोही भलत्याच गोष्टीसाठी.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमच्या ह्यांना राजवाड्यातून काढून टाकलं. पुन्हा अक्रोडाचं काष्ठ सुरू झालं. लोक पुन्हा छताकडे बघायला लागले. शयनगृहात एक छोटी मुलगी बापाच्या खांद्यावर झोपी गेली आणि बापाला तिचा हेवा वाटत असल्याचं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाईंनी मग आमच्या ह्यांच्या जागी शेजाऱ्याला घालून पाहिलं. हसू आलं नाही. दुसऱ्याच्या नवऱ्याची थट्टा ही थट्टा वाटतच नाही, चहाडी वाटते. मग स्वतःच्या भावाला घातलं, तर एका बाईने काळजीने विचारलं की त्याला डॉक्टरांना दाखवलं का. पहारेकरी कोपऱ्यातून हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "राणीसाहेब, लोक आता खोल्या मोजतायत. किती राहिल्या ते." शेवटी एक दिवस साहेबच जिन्यात आडवे आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ते तुमचे… हे… कुठे गेले?"

तो प्रश्न बाईंच्या डोक्यातून जाईना. त्यांनी घरी नवऱ्याकडे नीट बघायला सुरुवात केली. त्यालाही ते जाणवलं असणार, कारण तो जरा ताठ बसायला लागला. ताठ बसलेल्या माणसात हसण्यासारखं काय सापडणार? मुलगी सुट्टीला आली तेव्हा बाईंनी तिच्यापुढे आपलं रडगाणं गायलं. मुलगी म्हणाली, "आई, बाबा माझ्या हॉस्पिटलमध्ये आले होते तेव्हा काय झालं ते तुला सांगितलंच नाही का मी?" शेजारचे आजोबा भरती होते, त्यांना बघायला तो गेला होता. खोलीत शिरला, आजोबांना कसं वाटतंय ते विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत त्याची नजर भिंतीवर गेली. तिथे हृदयाचा मोठा तक्ता टांगलेला होता, डावीकडे कललेला. हा थेट खुर्चीवर चढला. आजोबा आपलं दुखणं सांगतायत आणि हा भिंतीशी तोंड करून, एक डोळा मिटून, हृदय सरळ करतोय.

बाई हसता हसता थबकल्या. त्यांना आठवलं की हा माणूस सगळीकडेच हे करत आलाय. बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे, एकदा तर समाचाराला गेलेले असताना गेलेल्या माणसाचा फोटो सरळ करून त्याने घरच्यांना विचारलं होतं की हे कुणी मढवलं, काम नीट नाही. तेव्हा बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हसायला तेव्हा सुचलंच नव्हतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्या डबा द्यायचं निमित्त करून दुकानात जाऊन बसल्या. दुकानाच्या भिंतीवर लग्नाचे फोटो ओळीने लागलेले होते. बाईंनी ते हजारदा पाहिले होते, पण ते कुणाचे, हे कधी विचारलं नव्हतं. मढवायला दिले आणि न्यायला कुणी आलंच नाही, असे ते फोटो. टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून त्याने लावून ठेवले होते. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि भिंतीकडे बघून म्हणालं, "तुमचे नातेवाईक का?"

"हो," फ्रेमवाला म्हणाला.

गिऱ्हाइकाने एका गोल चेहऱ्याच्या नवरीकडे बोट केलं. ती धाकटी चुलत बहीण, फ्रेमवाल्याने सांगितलं, आता दूर असते, गुडघे दुखतात. आणि हा मिशीवाला? तो तिचा दीर, दोघांचं पटत नाही. बाई स्टुलावर बसून कानात प्राण आणून ऐकत होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी विचारलं की हे काय. तो थोडा लाजला. म्हणाला की खरं सांगायला गेलं की लोक हळहळतात, खूप वेळ जातो, एवढी मोठी गोष्ट कुणाला सांगायची. हो म्हटलं की लवकर संपेल असं वाटलं होतं. पण लोक पुन्हा येतात आणि बहिणीचे गुडघे कसे आहेत ते विचारतात. आता मागे फिरता येत नाही.

"म्हणजे तुम्ही अख्खं गोत बेतलंत," बाई म्हणाल्या, "आणि मी एक नवरा बेतला तर तुम्हाला राग आला?"

त्या दोघांना त्या दुकानात किती तरी वर्षांनी एकदम हसू आलं. बाहेर चहा घेऊन आलेला माणूस आत यावं की नाही या विचारात दारातच थांबला.

त्यानंतर काही दिवसांनी, दुकान बंद असताना, फ्रेमवाला स्वतःहून टेकडी चढला. कुणाला काही सांगितलं नाही, खिडकीवर तिकीट काढलं आणि घोळक्याच्या मागे उभा राहिला. बाईंनी त्याला पाहिलं, आणि त्यांची जीभ अशी अडखळली की अक्रोडाचं काष्ठ अक्रोडाचं कष्ट झालं. शयनगृह झालं, चिलखत झालं. तो हात मागे बांधून सगळं लक्षपूर्वक बघत होता. मग चित्रांचं दालन आलं. राजाची एकाहून एक मोठी चित्रं, आणि जवळजवळ प्रत्येक थोडं थोडं कललेलं. बाईंना रोज येऊन ते दिसेनासं झालं होतं. त्याला दारातूनच दिसलं. घोड्यावरच्या राजासमोर तो जरा वेळ उभा राहिला, एक डोळा मिटला, आणि दोरी ओलांडून थेट चित्राला हात घातला.

पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. लोक भिंतीला चिकटले. पहारेकरी धावत येऊन त्याचा दंड धरणार तोच बाई मध्ये आल्या.

"सोडा त्यांना," त्या म्हणाल्या. "हे आमचे हे."

दालनातले लोक एकमेकांकडे बघायला लागले, कारण त्या घोळक्यातल्या निम्म्या लोकांनी आमच्या ह्यांची कीर्ती गावात आधीच ऐकली होती. समोर मात्र एक काटकुळा माणूस दोन्ही हातांनी फ्रेम धरून उभा होता. एका आजींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "म्हणजे घोरता ते तुम्ही?"

"घोरणारे वेगळे," फ्रेमवाला म्हणाला. "मी हा. वाकडं सरळ करणारा." मग राजाकडे बघत, तितक्याच शांतपणे, "एवढा मोठा माणूस स्वतःच्या घरात कलून लटकलाय आणि राणीसाहेबांचं लक्ष नाही."

सगळ्यात आधी हसला तो पहारेकरी. मग जे हसू उसळलं ते थांबेचना, बाईही कमरेवर हात ठेवून हसत होत्या. आजींनी सगळ्यांना बाजूला केलं आणि पुढचं चित्र सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघायला लागल्या. मग सगळेच बघायला लागले. त्या दिवशी त्या लोकांनी चित्रांच्या दालनात जेवढा वेळ काढला तेवढा कुणीच कधी काढला नव्हता. डावीकडे, अजून थोडं, बस, असं करत त्यांनी प्रत्येक राजाला नीट पाहिलं. त्याची बोटं, त्याच्या अंगठ्या, एका चित्रात त्याच्या पायाशी झोपलेलं मांजर. ते मांजर बाईंनीही पहिल्यांदाच पाहिलं. बस बराच वेळ हॉर्न वाजवत होती.

साहेबांनी नंतर फ्रेमवाल्याला रीतसर बोलावून सगळी चित्रं सरळ करून घेतली. टूरबरोबर रोज थोडा वेळ उभे राहाल का, असंही सुचवून पाहिलं. त्याने सरळ नाही म्हटलं. आयुष्यात त्याने गिऱ्हाइकाला नाही म्हटल्याचं बाईंना आठवत नव्हतं, तो नेहमी "बघू" म्हणायचा.

आता टूरमध्ये आमचे हे परत आलेत. घोरत नाहीत, हॉस्पिटलात खुर्चीवर चढून हृदय सरळ करतात. लोक पूर्वीइतकं मोठ्याने हसत नाहीत, पण हसल्यावर त्यांना आपल्या घरातलं कुणीतरी आठवतं आणि ते आपण होऊन सांगायला लागतात. कुणाचे वडील प्रत्येक नळ घट्ट बंद करत फिरायचे, कुणाची बहीण दाराचं कुलूप ओढून बघायला अर्ध्या वाटेवरून परत यायची. बाईंना मध्येच गप्प राहावं लागतं, असे दिवस येतात. राजा आपल्या पलंगावर अर्धवट बसून ऐकत असावा.

नवी गंमत सुचली की बाई ती आधी घरी सांगतात. तो जेवता जेवता ऐकतो. कधी म्हणतो ही लांबलीय, थोडी काप. कधी म्हणतो ही खोटी आहे, मी असं करत नाही, आणि मग खरं काय करतो ते सांगतो, ते जास्त गमतीचं असतं. परवा बाईंनी विचारलं की दुकानातल्या नातेवाइकांची गोष्ट घेऊ का टूरमध्ये.

"नको," तो म्हणाला. "बहिणीला कळलं तर वाईट वाटेल तिला."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो थट्टा करतोय की नाही, ते त्यांना ठरवता आलं नाही. त्यांनी त्याच्या पानात आणखी थोडा भात वाढला.